एमटीआयच्या रकान्यात ‘हाय’ लिहिणाऱ्या एचआर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुण्यामुंबईहून कोलकात्याला आणि आसपासच्या कॉलेजांत कॅम्पसला येणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. नाव कुणाचंच घेत नाहीये, कंपनीचं पण नाही, कारण हे एका कंपनीपुरतं नाहीच आहे. विषय एकच, एमटीआय म्हणजे बोलण्यातला मातृभाषेचा प्रभाव बघून तुम्ही मुलांना बाद करता तो. मराठीत लिहितेय कारण तुमच्यातले बरेच जण मराठी आहात, इंटरव्ह्यू झाल्यावर कॉरिडॉरमध्ये चहा पिताना तुम्ही मुलांबद्दल मराठीत बोलता, आणि तिथे उभ्या असलेल्या मुलांना ते कळत नसलं तरी मला कळतं.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून बारा वर्षांपूर्वी इथे आलो, तीन वर्षांसाठी आलेलो ते राहूनच गेलो. दमदमला राहतो. उत्तर चोवीस परगण्यातल्या दोन-तीन कॉलेजांत मी शेवटच्या वर्षाच्या मुलांना स्पोकन इंग्लिश आणि इंटरव्ह्यूची तयारी शिकवते. म्हणजे तुम्ही यायच्या आधीचे चार महिने ही मुलं माझ्याकडे असतात, आणि तुम्ही लिस्ट लावून एअरपोर्टला निघालात की त्यानंतरचे दोन दिवस पण माझ्याकडेच असतात.

गेल्या फेब्रुवारीत एका कंपनीने कॅम्पसची तारीख नेमकी २१ ठेवली. २१ फेब्रुवारी म्हणजे इथला भाषा दिवस. १९५२ साली ढाक्यात बंगालीला पण राज्यभाषेचा दर्जा द्या म्हणून रस्त्यावर उतरलेल्या पोरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, काही जण जागीच गेले, आणि पुढे १९९९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिवस म्हणून जाहीर केला. गोळीबार आताच्या बांगलादेशात झालेला असला तरी हा दिवस सीमेच्या अलीकडचे बंगाली पण मनापासून पाळतात. त्या सकाळी कॉलेजच्या पोर्चमध्ये मुलींनी काळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून गाणी म्हटली, फुलं वाहिली, आणि मग त्यातल्याच काही जणी वॉशरूममध्ये जाऊन साडी सोडून फॉर्मल शर्ट-पँट घालून दहा वाजता इंटरव्ह्यूच्या लाइनीत येऊन बसल्या. एकीच्या केसात पळसाचं फूल तसंच राहिलं होतं, ते मी काढून घेतलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं.

ही मुलगी बसिरहाटच्या पुढच्या एका गावातून येते. हसनाबाद लोकलने पहाटे निघते, बारासातला उतरते, तिथून ऑटो. केमिस्ट्री ऑनर्स, फर्स्ट क्लास. संध्याकाळी आठवी-नववीच्या पोरांच्या ट्युशन्या घेऊन स्वतःची फी भरते. तिच्या इंटरव्ह्यूला मी हजेरीचा कागद घेऊन दारातच उभी होते. तिला विचारलं फॅमिलीबद्दल सांग, ती म्हणाली, माय मदर इज आयसीडीएस वर्कर (म्हणजे अंगणवाडी सेविका), ही टीचेस स्मॉल चिल्ड्रन. समोरचे साहेब म्हणाले, ‘ही? युवर मदर इज ही?’ आणि शेजारच्या मॅडमकडे बघून हसले, मॅडमपण हसल्या. वाईट मनाने हसले असं मी म्हणत नाही, दिवसभर बसून माणूस कंटाळतो, मला माहितीय. पण त्यानंतर त्या मुलीच्या तोंडून एक वाक्य सरळ आलं नाही. तीन वर्षं जिने टायट्रेशन कधी चुकवलं नाही तिला ‘वॉट इज पीएच’ विचारल्यावर सांगता आलं नाही.

दुपारी कोऑर्डिनेटर म्हणून माझ्याकडे एक्सेल शीट आली. फ्लुएन्सी, ग्रामर, कॉन्फिडन्स, एमटीआय असे रकाने. तिच्या नावापुढे एमटीआय हाय, डिसिजन रिजेक्ट. खाली स्क्रोल केलं तर एमटीआय हाय असलेली जवळजवळ सगळी पोरं रिजेक्ट आणि त्यातली जवळजवळ सगळी बंगाली मीडियमची.

एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स, मातृभाषेचा प्रभाव. जे वाचताय पण या लाइनमधले नाहीत त्यांच्यासाठी सांगतेय. भाषा दिवसाच्या दिवशी पोरांना लेखी कळवलं गेलं की तुमच्यात मातृभाषा जास्त आहे म्हणून तुम्ही बाद. मला माहितीय की हा शब्द कॉल सेंटरमधून आलाय आणि तुम्ही रोज वापरता म्हणून तो आता तुम्हाला टोचत नाही. पण एकदा त्याचा मराठी अर्थ मोठ्याने म्हणून बघा आणि मग तुमच्या स्वतःच्या आईसमोर म्हणून बघा.

आता ‘शी’च्या जागी निघालेल्या त्या इंग्रजी ‘ही’चं सांगते, कारण ते नीट कळलं तर तुमचा अर्धा राग जाईल. बंगालीत सर्वनामाला लिंग नाही. तो आणि ती दोन्हीला ‘ओ’ किंवा ‘शे’. क्रियापद पण बदलत नाही, ‘मा एशेछे’, ‘बाबा एशेछे’, आई आलीय आणि बाबा आलेत दोन्हीला एकच रूप. आपल्याकडे तीन लिंगं, तो आला, ती आली, ते आलं, आपण झोपेत पण चुकत नाही, म्हणून आपल्याला वाटतं यात काय अवघड आहे. बावीस वर्षं ज्या डोक्याने आई आणि बाबा हा फरक क्रियापदात कधी केलाच नाही, त्याला घाबरलेल्या अवस्थेत, तीन अनोळखी माणसांसमोर, सेकंदाच्या आत तो फरक करायचाय. लिहिताना ही मुलं हे चुकत नाहीत बरं का, त्यांचे पेपर बघा, ई-मेल बघा, सगळं बरोबर असतं. बोलताना घसरतं. आणि घसरलं तरी ऐकणाऱ्याला काहीही गैरसमज होत नाही, कारण आई कोण आणि बाई की पुरुष हे सगळ्या जगाला माहितीय.

मी यावर वर्गात एक साधी गोष्ट करते. खडू देते. पुरुषाबद्दल बोलायचं तर खडू डाव्या हातात, बाईबद्दल बोलायचं तर उजव्या हातात, आणि बोलता बोलता हात बदलायचा. पहिल्या दिवशी खडू सारखे खाली पडतात, महिन्याभरात बऱ्याच जणांच्या तोंडात बसतं, मग खडूची गरज लागत नाही. (आपल्या मिरजेच्या शाळेत आम्हाला उलटा गोंधळ व्हायचा, मराठीत ‘ही’ म्हणजे बाई आणि इंग्रजीत ‘ही’ म्हणजे पुरुष, पाचवीत आमच्या अख्ख्या वर्गाच्या वहीवर लाल रेघा होत्या.) सांगायचा मुद्दा हा की ही चूक महिन्याभरात जाते. टीममध्ये घेतल्यावर तुमच्याच ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात जाईल. तिच्यासाठी माणूस घालवू नका.

उच्चारांचंही असंच आहे. बंगाली लिपीत ब आणि व साठी एकच अक्षर, त्यामुळे इंग्रजीतला ‘व्ही’ लिहायला ते ‘भ’ घेतात, म्हणून व्हेरीचं भेरी होतं. झेडला ते ‘ज’ घेतात, म्हणून झीरोचं जिरो. ‘आमि छात्री’ म्हणजे मी विद्यार्थिनी आहे, त्यात ‘आहे’ नसतंच, म्हणून घाईत ‘आय स्टुडन्ट’ निघतं. यात मंदपणा कुठे आहे? जीभ जी भाषा बोलते तिच्या वळणाने वळते. आपल्याला तरी कुठे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे येतात, द्राक्षाची वेल आणि द्राक्षाची दारू दोन्हीला आपण वाइनच म्हणतो, शिप आणि शीपला ऱ्हस्व-दीर्घाची आपली पण बोंब आहे. पण पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांचीच तशी असल्यामुळे त्याला कोणी एमटीआय म्हणत नाही. म्हणजे तुमच्या कानाला आपला मराठी प्रभाव ‘न्यूट्रल’ वाटतो आणि बंगाली प्रभाव ‘हाय’ वाटतो. हे मोजमाप मुलांचं झालंच नाही, ते तुमच्या कानाच्या सवयीचं झालं.

आणि नावं. प्लीज नावांकडे लक्ष द्या. मागे एका मुलाने नाव सांगितलं बिश्शोजित, तर पॅनेलवरचे सर म्हणाले विश्वजित ना, मग नीट सांग ना. अहो तो नीटच सांगतोय, त्याचं नाव त्याच्या भाषेत तेच आहे, त्याच्या आजीने त्याला तशीच हाक मारलीय. तसंच मार्कशीटवर बंद्योपाध्याय आणि आधारवर बॅनर्जी दिसलं की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले फोन करून करून पोरांना हैराण करतात, जसं काही त्यांनी फ्रॉड केलाय. बंद्योपाध्यायचं बॅनर्जी, मुखोपाध्यायचं मुखर्जी हे साहेबाच्या काळापासून चालत आलंय, एका घरात दोन्ही चालतात, थोरला भाऊ बॅनर्जी आणि धाकटा बंद्योपाध्याय असं पण असतं. इंग्रजी आणि बंगाली मिळून या लोकांच्या आडनावातच बसलेत.

माझ्या ओळखीच्या एका एचआरवाल्यांनी मला फोनवर सांगितलं की मॅडम, बंगाली लोकांना मुळात इंग्रजीत इंटरेस्टच नाही, ते आपल्या कल्चरमध्येच रमलेले. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी काही बोललेच नाही, ते आता बोलते. ज्या कोलकात्यात इंग्रजी शिक्षणासाठी हिंदू कॉलेज १८१७ साली निघालं, ज्या कोलकाता विद्यापीठाची स्थापना जानेवारी १८५७ ची म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाच्या सहा महिने आधीची, त्या गावाबद्दल हे बोलणं. १८५८ साली त्या विद्यापीठाचे पहिले दोन पदवीधर झाले त्यातले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. त्यांनी पहिली कादंबरी इंग्रजीत लिहिली, १८६४ ला ती छापून येत होती, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची बंगाली कादंबरी आली आणि मग पुढे कादंबऱ्या बंगालीतच. मायकेल मधुसूदन दत्तांनी तर इंग्रजी कवी व्हायचं म्हणून धर्म बदलला, घर सोडलं, मद्रासला जाऊन १८४९ मध्ये इंग्रजी काव्य छापलं, आणि शेवटी बंगालीकडेच परत आले आणि १८६१ मध्ये असं महाकाव्य लिहिलं की आजही बंगालीच्या एमएला त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून ते बंगालीकडे वळले का? इंग्रजी इतकं येत होतं की त्याने आपलं काय होतं आणि काय होत नाही हे त्यांना आतून कळलं होतं. हा प्रश्न इथे दीडशे वर्षं चालू आहे, इंग्रजी किती घ्यायची आणि त्यात आपण किती उरायचं. तुम्ही आठ मिनिटांत त्यावर एक रकाना भरून मोकळे होता.

आणि आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे होते, १८७८ साल, विलायतेला पाठवायच्या आधी त्यांचं इंग्रजी सुधारावं म्हणून घरच्यांनी त्यांना मुंबईत डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी ठेवलं. प्रार्थना समाज काढणाऱ्यांपैकी ते आत्माराम पांडुरंग. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत शिकून आली होती, तिने या लाजाळू बंगाली मुलाला इंग्रजी बोलायला शिकवलं. त्याने तिला नलिनी असं नाव दिलं, तिच्यासाठी कविता केल्या. हे मी दर वर्षी पहिल्या लेक्चरला सांगते. बंगाली मुलांचे चेहरे एकदम उजळतात, कारण माझ्याकडे बघून आधी त्यांना फक्त बर्गी आठवतात, इथल्या अंगाईगीतात अजून ते मराठी घोडेस्वार देशात येतात आणि धान्य बुलबुलांनी खाल्लं, आता खंडणी कशी द्यायची, असं आई म्हणते. त्यांना सांगते की बाबांनो, लुटणारे पण आमचे होते आणि तुमच्या रवी ठाकूरला इंग्रजी शिकवणारी पण आमचीच होती. आणि अन्नपूर्णाबाईंनी त्या पोराचे उच्चार ऐकून पहिल्या दिवशी परत पाठवलं असतं तर?

तेच रवींद्रनाथ १९३७ मध्ये कोलकाता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात भाषणाला उभे राहिले तेव्हा बंगालीत बोलले, त्या व्यासपीठावर तोवर सगळे इंग्रजीतच बोलत आलेले. तेव्हा त्यांना नोबेल मिळून चोवीस वर्षं झाली होती, इंग्रजीत बोलायला काय अडचण होती त्यांना.

पण मग तुम्ही म्हणाल की असं जर आहे तर आजच्या पोरांचं इंग्रजी असं का. हे सांगायलाच हवं कारण इथे खरी मेख आहे. बंकिमबाबू, मधुसूदन, ठाकूर हे वरच्या घरातले. बसिरहाटच्या शेतकऱ्याच्या, कॅनिंगच्या मासेवाल्याच्या घरात तेव्हा इंग्रजी नव्हतीच. १९७७ ला डावी आघाडी सत्तेत आली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं, सहावीपासून सुरू करायचं ठरवलं. हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. गरिबाचं पोर परक्या भाषेला घाबरून शाळा सोडतं, आधी आईच्या भाषेत वाचता येऊ दे, हा विचार चुकीचा नाहीये, मी पण तोच मानते. पण झालं असं की ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी पोरं उचलून इंग्लिश मीडियमला घातली आणि ज्यांच्याकडे नव्हते ती सहावीपर्यंत थांबली. भाषेची सोय म्हणून केलेलं भाषेची भिंत होऊन बसलं. पुढे १९९९ मध्ये तिसरीपासून इंग्रजी परत आणलं, २००४ पासून पहिलीपासून.

आता हिशेब करा. आज जो मुलगा बावीस-तेवीसचा आहे तो स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलाय. पण त्याची आई ए बी सी डी सहावीत शिकली. त्याला प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला उभे राहिलेले कितीतरी सर त्याच पिढीतले, ते पण सहावीतच शिकलेले. म्हणजे पुस्तक पहिलीत आलं पण ते कानावर घालणारं घरात कोणी नव्हतं आणि शाळेतही फारसं कोणी नव्हतं. त्यामुळे ही मुलं इंग्रजी वाचतात, केमिस्ट्री-फिजिक्सची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून पास होतात, लिहितात, आणि बोलायला मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वर्गात तोंड उघडतात. काही जण पहिल्यांदा तुमच्यासमोर. आपल्याकडे मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं, मी पाचवीवालीच आहे. तुमच्यातलेही चाळिशीच्या पुढचे जे लातूर-परभणी-नंदुरबारकडच्या मराठी शाळांतून आलेत ते पाचवीवालेच आहेत. तुम्हाला कोणीतरी पहिली नोकरी दिली म्हणून आज तुम्ही पॅनेलवर बसलाय.

यात मुलांची दोन्हीकडून जी ओढाताण होते ती मला रोज दिसते. लोकलमध्ये दोघी मैत्रिणींनी ठरवलं की बारासातपर्यंत फक्त इंग्रजीत बोलायचं, मीच सांगितलेलं, तर समोरच्या बाकावरचे काका म्हणाले, काय गं, बंगाली विसरलात का, ट्यांश झालात का. ट्यांश म्हणजे साहेबी नक्कल करणारं, आपल्याकडे ‘फाडफाड इंग्लिश झाडते’ म्हणतात त्याच सुरात म्हणतात. त्या गप्प झाल्या. आणि त्याच आठवड्यात तुमच्यापैकी कोणीतरी सांगितलं की बंगाली ॲक्सेंट फार आहे. म्हणजे गावात इंग्रजी बोलली तर परकी, पॅनेलसमोर बंगाली ऐकू आली तर अडाणी. मग मुलं काय करतात तर गप्प बसतात. जीडीत, म्हणजे ग्रुप डिस्कशनमध्ये, गप्प बसलेला मुलगा तुम्ही पॅसिव्ह म्हणून बाद करता, तो कॉलेजच्या लिटल मॅगझिनचा संपादक असतो, स्वतः दारोदार जाऊन जाहिराती आणतो, प्रेसवाल्याशी भांडून अंक वेळेत काढतो, पुस्तक मेळ्यात टेबल लावून विकतो. प्रोजेक्ट मॅनेजमेंट, सेल्स, डेडलाइन, तुमचे सगळे शब्द त्याने बंगालीत जगलेत. त्याच्या सीव्हीवर त्याने हे लिहिलंच नव्हतं. मी विचारलं का नाही लिहिलं, तर म्हणाला, मॅम, ते तर बंगाली मॅगझिन आहे ना.

हे वाक्य ऐकून मी त्या रात्री नीट जेवले नाही. बावीस वर्षांच्या मुलाने आपल्या भाषेत केलेलं सगळ्यात चांगलं काम सीव्हीतून लपवायचं, कारण त्याला वाटतं की त्याने नुकसान होईल.

सीमेपलीकडे बंगाली ही एकमेव राष्ट्रभाषा आहे, १९८७ मध्ये सरकारी कामात बंगाली सक्तीची करणारा कायदा पण झालाय, तरी ढाक्यातल्या खाजगी विद्यापीठांत शिकवणं इंग्रजीतच चालतं आणि मोठ्या कंपन्यांचे इंटरव्ह्यू पण इंग्रजीतच. म्हणजे भाषेसाठी जीव दिलेल्या देशातही पदवीधराला हीच भीती. त्यामुळे ही मुलं कल्चरमध्ये रमलेली आणि आळशी आहेत असं कृपया म्हणू नका.

मला हे पण कळतं की तुम्हालाही क्लायंट आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी दिवसभर फोनवर बोलायचं काम असेल तर उच्चार स्वच्छ लागतात, मान्य. तिथे तपासा, पण समोरच्याला कळतंय का हे तपासा, मातृभाषा ऐकू येतेय का हे नको. आणि लॅबचं काम, टेस्टिंग, कोडिंग, बॅक ऑफिस, जिथे दिवसातलं बहुतेक काम मेल आणि चॅटवर होतं, तिथे या रकान्याचं काय काम आहे हे मला कोणीतरी समजावून सांगा. त्या केमिस्ट्रीवाल्या मुलीला तुम्ही क्वालिटी लॅबच्या रिपोर्टिंगसाठी बघत होतात. तिला एक सॅम्पल रिपोर्ट देऊन पंधरा मिनिटांत चुका काढायला सांगितलं असतं तर तुम्हाला माणूस मिळाला असता.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. एमटीआयचा रकाना ठेवायचाच असेल तर ट्रेनिंग डिपार्टमेंटसाठी ठेवा, त्यावरून बाद करू नका. पहिली दोन मिनिटं त्यांच्या विषयाबद्दल विचारा, फॅमिलीबद्दल आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ नंतर, कारण विषयात ते उभे राहू शकतात आणि एकदा जीभ सुटली की पुढचं पण बरं जातं. बोलण्याच्या बरोबरीने लिहून पण घ्या. बंगालीत काय काय केलंस हे मुद्दाम विचारा, मॅगझिन, नाटक, पूजेच्या मांडवाचा हिशेब, सगळं. रिजेक्ट केलंत तर कारण माणसाच्या भाषेत लिहा, म्हणजे मला पुढचे चार महिने काय शिकवायचं ते कळेल, ‘हाय’ वाचून मी काय करू. आणि पॅनेलवर कोलकाता ऑफिसमधला एक तरी माणूस बसवा, सेक्टर फाइव्हमध्ये तुमचीच ऑफिसं आहेत.

जी मुलं सिलेक्ट होऊन हिंजवडीला येतात त्यांच्याबद्दल पण एक सांगायचंय. तिथे त्यांची हिंदी ऐकून हसतात, ‘मेरा मम्मी आया’ म्हणाला म्हणून अख्खी टीम त्याची नक्कल करते, असं मला मुलं फोनवर सांगतात. तीच लिंगाची गोष्ट आहे जी वर सांगितली. मराठी टीममध्ये दिवसभर मराठी चालतं, चालू दे, चांगलंच आहे, पण त्याला दोन शब्द मराठी शिकवा, तो पटकन शिकेल, बंगाल्यांना भाषेची गोडी असते. सखाराम गणेश देऊस्कर हे आपले मराठी गृहस्थ आताच्या झारखंडातल्या देवघर गावी वाढले आणि १९०४ मध्ये त्यांनी बंगालीत असं पुस्तक लिहिलं की इंग्रज सरकारला ते जप्त करावं लागलं. एक भाषा आली म्हणून त्यांची दुसरी गेली नाही. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले ना, त्याच दिवशी त्याच निर्णयात बंगालीलाही मिळाला. माझ्या वर्गात त्या दिवशी पोरांनी मला संदेश ही इथली मिठाई आणून दिली आणि मी त्यांना मिरजेहून आलेले पेढे दिले.

कळलंय की यंदा तुमच्यातल्या दोन टीम जानेवारीच्या शेवटी येतायत. तारीख ठरवताना २१ फेब्रुवारी परत नको एवढं बघा. ती केमिस्ट्रीवाली मुलगी पास आउट झाली पण ऑफ-कॅम्पसमधून पुन्हा बसणार आहे. सध्या ती गावात ट्युशन्याच घेते, आणि गंमत अशी वाटेल पण खरं आहे, पाचवी-सहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते, माझ्याकडून खडूची युक्ती घेऊन गेलीय, मागच्या आठवड्यात तिने फोटो पाठवला, अकरा पोरं अंगणात चटईवर, प्रत्येकाच्या हातात खडू, आणि मागे आयसीडीएसची निळी वही मांडीवर घेऊन आई ऐकत बसलीय.

ती तुमच्यासमोर आली की तिला आईबद्दलच विचारा, मला चालेल. चुकून ‘ही’ म्हणाली तर तिचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्या.

तुमची,
मिरजेची एक बाई, मुक्काम दमदम